मुळ्यांच्या खुब्याचा रोजचा दिवस

श्रीपाद मुळ्ये यांच्या उजव्या खुब्यात धातूचा गोळा बसवून सात महिने झाले होते आणि या सात महिन्यांत त्यांनी नेमाने एकच गोष्ट केली होती. डॉक्टरांना खोटं सांगणं.

खोटं तसं मोठं नव्हतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात तपासणीला गेलं, की फिजिओथेरपीच्या डॉक्टर सुमेधा विचारायच्या, "काका, चालणं कसं आहे?" आणि मुळ्ये सांगायचे, "रोज दोन फेऱ्या. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर." पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून गेलं ते निव्वळ सभ्यतेपोटी. मुलगी इतक्या आशेने विचारते, तिला नाही कसं म्हणायचं? पण सुमेधाने ते केसपेपरवर लिहून घेतलं. आणि एकदा एखादी गोष्ट कागदावर चढली, की ती खाली उतरवणं किती अवघड असतं, हे चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

खरी हकिगत अशी, की मुळ्ये डोंबिवलीतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून असत. खुर्चीच्या पायांखाली सुताराने लाकडी ठोकळे बसवून दिले होते, त्यामुळे ते जरा सिंहासनावर बसल्यासारखे दिसत. डॉक्टरांनी तीन गोष्टींना मनाई केली होती. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि बुटक्या आसनावर बसायचं नाही. मुळ्यांनी आपल्या जबाबदारीवर चौथी जोडली होती. जिना उतरायचा नाही. तपासणीच्या दिवशी तेवढं एका बाजूने बायको आणि दुसऱ्या बाजूने शेजारी अशा बंदोबस्तात त्यांना खाली आणून भाड्याच्या गाडीत घालत. एरवी स्टेशनकडे जाणारी माणसं ते वरून बघत, आणि कोण किती वाजता जातं यावरून घड्याळ लावता येईल इतकं ते चोख बघत.

चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात सुमेधा म्हणाली, "काका, तुमच्यासारखाच पेशंट मला हवा होता."

तिला प्रबंध लिहायचा होता. ऑपरेशन झालेला माणूस दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, किती वाकतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. घरी, रोजच्या जगण्यात, त्याचा सांधा किती हलतो ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यासाठी तिच्या सरांनी परदेशातून एक यंत्र आणलं होतं. खुब्यावर आणि गुडघ्यावर एकेक लवचीक पट्टी चिकटवायची, पट्ट्यांच्या वायरी कमरेच्या डबीला जोडायच्या. चोवीस तास. डबी आपली आपण सगळे कोन टिपून ठेवते.

"चालणं, जिना, उठबस, सगळं कळतं," सुमेधा कौतुकाने म्हणाली.

"सगळं?" मुळ्यांनी विचारलं.

"सगळं!"

त्या रात्री मुळ्यांना जेवण गेलं नाही.

तशात एक फॉर्म होता. यंत्र एकच असल्यामुळे ते सुखरूप परत येईल अशी एका शेजाऱ्याने लेखी हमी द्यायची होती. आता शेजारी म्हणजे समोरच्या दारातले भाऊ खातू. ज्यात भाऊंना गती नाही असा विषय अजून निघालेला नव्हता. त्यांनी फॉर्म अर्धा तास वाचला, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं, सही केली, सहीखाली तारीख टाकली, तारखेखाली वेळ टाकली आणि म्हणाले, "मुळ्ये, आता तुमच्या खुब्याला मी जामीन आहे. तेव्हा जरा माझ्या सल्ल्याने चला."

ठरलेल्या दिवशी सुमेधा भल्या सकाळी सहालाच आली, कारण सरोजबाईंची शाळा सकाळची होती आणि त्यांना निघायचं होतं. सरोजबाई म्हणजे मुळ्यांच्या पत्नी. चौथीचा वर्ग तीस वर्षं सांभाळल्यामुळे त्यांचा आवाज साध्या बोलण्यातही मागच्या बाकापर्यंत पोचत असे. पट्ट्या चिकटवल्यावर लक्षात आलं, की पँट वर चढत नाही. सरोजबाईंनी एका जुन्या पँटची उजवी शिवण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवली आणि तिथे सात सेफ्टीपिना लावल्या. वरून सदरा सोडला. डबीवर एक लाल दिवा लुकलुकत होता, तोही सदऱ्याखाली गेला.

"काका, आज वेगळं काही करायचं नाही," सुमेधा निघताना म्हणाली. "अगदी रोजच्यासारखं जगायचं. आणि दर अर्ध्या तासाने या वहीत लिहायचं, तेव्हा काय करत होता ते. यंत्र आणि वही मला ताडून बघता येईल."

सरोजबाईही गेल्या. मुळ्ये खुर्चीवर बसले. साडेसहाला त्यांनी वहीत लिहिलं, 'गॅलरीत.' सातला लिहिलं, 'गॅलरीत.' साडेसातला लेखणी अडली. सरकारी नोकरीत त्यांनी खोट्या नोंदी पाहिल्या होत्या, केल्या नव्हत्या. इथे तर आपलाच सांधा आपल्याविरुद्ध साक्ष देत बसला होता.

आठ वाजता भाऊ आले. आधी त्यांनी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग कानाशी येऊन कुजबुजले, "आपण बोलतो ते टेप होतं का?"

"नाही हो. फक्त कोन."

"मग ठीक." भाऊंनी आवाज मोकळा केला. "अहो, पण तुम्ही बसलात काय? असे बसलात तर कागदावर सरळ रेघ येईल, सरळ रेघ! हॉस्पिटलात सरळ रेघ कुणाची येते माहितीय ना?"

एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या विमलाबाई डोकावल्या. वायरी पाहून त्यांनी सल्ला दिला, की रबरी चप्पल घालावी आणि ओल्या फरशीवर पाय ठेवू नये, त्यांच्या मावसदिराला असाच मिक्सरचा झटका बसला होता. मावसदिरांचं पुढे काय झालं हे विचारायचं धैर्य मुळ्यांना झालं नाही. त्यांनी मुकाट्याने रबरी चप्पल घातली.

"रोजच्यासारखं जगायला सांगितलंय," ते क्षीणपणे म्हणाले.

"मग तुम्ही त्यांना रोजचं काय सांगितलंय?" भाऊंनी विचारलं.

सात महिन्यांत हा प्रश्न कुणी इतका नेमका विचारला नव्हता.

"झालं तर! रोज स्टेशनला जाता ना? मग चला." भाऊंनी त्यांच्या काखेत हात घातला. "शिवाय नोव्हेंबर संपत आला. बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय की नाही? एका दगडात दोन पक्षी."

पेन्शनवाल्या माणसाने दर वर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सही करून सांगायचं असतं. न सांगितल्यास बँक तसं धरत नाही. मुळ्यांचा बेत होता, की बँकेच्या साहेबांना घरी बोलवावं. पण आता एकीकडे जामीनदार, दुसरीकडे केसपेपर आणि मध्ये लुकलुकता दिवा, अशी त्यांची कोंडी झाली.

छत्तीस पायऱ्या उतरायला वीस मिनिटं लागली. प्रत्येक पायरीवर मुळ्यांना वाटत होतं, की गोळा आता निसटणार आणि टपटप उड्या मारत आपल्याआधी खाली पोचणार. गोळा निसटला नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना दुसरीच अडचण जाणवली. इतके दिवस वरून पाहिलेली माणसं समोरून मोठी दिसतात आणि अंगावर येतात. बुटक्या सीटमुळे रिक्षात बसता येत नव्हतं. मुळ्ये चालले. मध्ये दोनदा एक सेफ्टीपीन सुटली आणि भाऊंनी भर रस्त्यात वाकून ती लावली, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

बँक पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. वर तीस-पस्तीस पेन्शनर आपापल्या अस्तित्वाचा पुरावा घेऊन रांगेत उभे होते. सव्वाअकराला मुळ्यांचा नंबर लागला. त्यांनी उभ्यानेच वाकून सही केली.

क्लार्क म्हणाला, "सही जुळत नाही. बसून करा."

"बसता येत नाही. खुर्ची बुटकी आहे."

"मग बसता येत नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा."

"अहो, मी समोर उभा आहे! जिवंत आहे!"

"ते दिसतंय. पण सही जुळत नाही."

मुळ्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. नियम कुठला, परिपत्रक कुठलं, हे विचारण्यासाठी ते काउंटरवर पुढे झुकले. सदरा वर सरकला. मागच्या गृहस्थांचं लक्ष गेलं.

"अहो, तुमच्या पोटावर काय लुकलुकतंय?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. दीड वर्षापूर्वी मुंबईत स्फोट झाले होते. तेव्हापासून स्टेशनावर, सिनेमाच्या पडद्यावर, एसटीच्या पाठीवर, बेवारस वस्तूंपासून सावध राहायच्या सूचना वाचून वाचून लोक सुशिक्षित झाले होते. वायरी आणि लाल दिवा यांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता.

"हे मोजणारं यंत्र आहे," मुळ्ये अभिमानाने म्हणाले.

दारावरच्या बंदूकवाल्या रखवालदाराने घोगऱ्या आवाजात विचारलं, "किती टाइम राहिलाय?"

मुळ्ये सरळ माणूस. त्यांनी घड्याळ पाहिलं. "उद्या सकाळी सहापर्यंत. पण तसा लवकरही काढता येतो."

पुढच्या अर्ध्या मिनिटात त्या पेन्शनरांनी जी हयात दाखवली तिला दाखल्याची गरजच नव्हती. गुडघे धरून बसलेले गृहस्थ दोन-दोन पायऱ्या उतरले. भाऊ खातू, जामीनदार, सगळ्यांत पुढे होते. बँकेत रांग नाही, असा योग मुळ्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला. ते खिडकीकडे वळले, तर खिडकीत क्लार्कही नव्हता.

"हात वर!" रखवालदार दाराच्या पलीकडून ओरडला.

मुळ्यांनी हात वर केले. सदराही वर गेला. सात पिना लावलेली पँट, पिनांमधून दिसणाऱ्या पट्ट्या आणि खाली रबरी चप्पल अशा अवस्थेत ते सव्वीस मिनिटं उभे राहिले. मध्ये साडेअकरा वाजले. त्यांनी रखवालदाराला विचारलं, "एक हात खाली घेऊ का? वहीत लिहायचंय."

तिथून त्यांना पोलीस चौकीवर नेण्यात आलं. तिथे पोपटराव शेलार नावाचे हवालदार होते. माणूस वयस्कर, आणि घाबरलेला असल्यामुळे फार अदबीने वागणारा.

"बसा ना, काका."

बाक गुडघ्याच्याही खाली होता. "मला बसता येत नाही," मुळ्ये म्हणाले.

पोपटराव दोन पावलं मागे गेले. "म्हणजे, बसलात तर उडतं?"

मुळ्यांनी सगळं समजावून सांगितलं. खुबा, गोळा, प्रबंध, कोन. पोपटरावांना एवढंच कळलं, की काहीतरी प्रकरण ठाण्याचं आहे. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. ऑपरेटरने विचारलं, मशीन एक्स-रेचं का ईसीजीचं? दोन्ही नाही म्हटल्यावर तिने सांगितलं, की बाकी कुठलं मशीन हॉस्पिटलाबाहेर जात नाही. सुमेधा डॉक्टर वॉर्डात राउंडला होत्या. सरांना विचारावं, तर सर ऑपरेशनला.

"तुम्हीच काढा ना ते," पोपटराव अजिजीने म्हणाले.

"नाही. काढलं तर दिवस फुकट जाईल."

मुळ्यांनाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. एवढ्या लांब, एवढ्या पायऱ्या उतरून आणि चढून आल्यावर आता तो दिवस फुकट जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

चौकीच्या दाराशी कोपर गावातली एक कोळीण उकिडवी बसली होती, आवडाबाई नावाची. तिच्या मासळीच्या पाटीवर कुणी स्कूटर घातली होती, तिची तक्रार लिहून घ्यायला सकाळपासून कुणाला सवड झाली नव्हती. बॉम्बच्या धास्तीने चौकी रिकामी झाली तरी ती हलली नव्हती. तिने मुळ्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय रं बाबा, हुबाच का?"

"मला खाली बसता येत नाही."

"मंग वर बस." तिने बर्फाची रिकामी लाकडी पेटी उभी करून भिंतीशी टेकवली. "बस. वास नाय येत."

वास येत होता. मुळ्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मासळीच्या इतकं जवळ गेलं नव्हतं. पण पेटीची उंची अगदी डॉक्टरांनी सांगितलेली होती. ते बसले आणि त्यांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला, की पोपटरावांनी पुन्हा दचकून पाहिलं.

"ह्यो डबा काय करतो?" आवडाबाईने विचारलं.

"मी दिवसभरात किती वाकतो, किती चालतो, ते मोजतो."

आवडाबाई हसायला लागली. बांगड्या वाजेपर्यंत हसली. "वाकतोस तू, ना मोजतो डबा! माजं गुडघं कोन मोजनार? जा सांग त्या डाकतरनीला, आवडाबाय दिसाला दोनशे वेला उठते ना बसते. ना तू किती वेला उठतोस?"

मुळ्यांनी वही उघडली. सकाळच्या दोन ओळींकडे पाहिलं आणि मिटली.

"कमी," ते म्हणाले.

साडेबाराला शाळा सुटली. घरी आलेल्या सरोजबाईंना जिन्यातच भाऊ भेटले आणि त्यांनी जे सांगितलं त्यात गोळीबार सोडून सगळं होतं. सरोजबाईंनी कपाटातून ऑपरेशनची फाईल आणि एक्स-रेचं भलंमोठं पाकीट काढलं आणि थेट चौकी गाठली. नवरा माशांच्या पेटीवर बसून एका कोळणीशी कालवणाविषयी बोलतोय हे पाहून त्या दारातच थबकल्या. पण वर्गात शिरल्यावर आधी कुणाकडे बघायचं हे त्यांना माहीत होतं.

"शेलार!" छातीवरची पट्टी वाचून त्या म्हणाल्या. "इकडे या. हे धरा उजेडात."

पोपटरावांनी एक्स-रे खिडकीशी धरला. हाडांच्या मधोमध पांढराशुभ्र गोळा आणि त्याची लांब दांडी.

"आयला! बेअरिंगच की!" पोपटराव हरखून म्हणाले. मग हळूच विचारलं, "ताई, गुडघ्याचंही मिळतं का हो असं?"

तिथून प्रकरण सोपं झालं. तरीही जबाब लिहावाच लागला. 'सदर इसमाच्या कमरेस एक डबी आढळून आली. सदर डबीत वेळोवेळी लाल उजेड पडतो. विचारता सदर इसमाने ती आपल्या वाकण्याची असल्याचे सांगितले.' हॉस्पिटलचं पत्र आठ दिवसांत आणून द्यायचं ठरलं. मुळ्ये निघाले, पण सरोजबाईंनी पोपटरावांना अडवून आधी आवडाबाईची तक्रार लिहून घ्यायला लावली, आणि शुद्धलेखन तपासलं.

पोपटराव स्वतः त्यांना परत बँकेत घेऊन गेले. पुन्हा बावीस पायऱ्या. वर्दी शेजारी उभी राहिल्यावर मुळ्यांची सही पहिल्याच झटक्यात जुळली. सव्वादोन वाजता श्रीपाद मुळ्ये अधिकृतपणे जिवंत ठरले, तेव्हा त्यांना तसं मुळीच वाटत नव्हतं. बावीस पायऱ्या खाली. मग चालत घर. मग छत्तीस पायऱ्या वर. दर मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते. भाऊंचं दार तेवढं बंद होतं.

आठवड्याने सुमेधाचा निरोप आला, या म्हणून. तिने यंत्र कॉम्प्युटरला जोडून दिवसभराचा हिशेब छापून ठेवला होता. पण चेहरा पडलेला होता.

"काका, इतकी छान नोंद कुणाचीच नाही. बघा, वहीत तुम्ही लिहिलंय, 'साडेअकरा, हात वर, रखवालदाराच्या सांगण्यावरून,' आणि यंत्रात सव्वीस मिनिटं अगदी निश्चल. पण सर म्हणतात, हा दिवस चालणार नाही. रोजचा नाही हा. पुन्हा करायला लागेल."

मुळ्यांनी डोळे मिटून घेतले.

भाऊंनी या वेळी हमी द्यायला साफ नकार दिला. एवढंच नव्हे, तर मुळ्यांच्या घराची एक जादा किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असायची, तीही 'आपल्याकडे तुमचं काही नको' म्हणून सरोजबाईंच्या हातात आणून दिली. शेवटी सरोजबाई हॉस्पिटलचं पत्र द्यायला चौकीवर गेल्या, तेव्हा फॉर्म घेऊन गेल्या. पोपटरावांनी शेजारी या शब्दाचा व्यापक अर्थ लावून सही केली आणि वर शिक्का मारला.

दुसऱ्या खेपेला काहीच घडलं नाही. पट्ट्या लागल्या, पिना लागल्या, दिवा लुकलुकला. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा सरोजबाईंचा हुकूम होता आणि मुळ्यांनाही ताकद नव्हती. कुणी डोकावलं नाही. रात्री त्यांनी वही वाचून पाहिली. 'गॅलरीत. गॅलरीत. जेवण. झोप. गॅलरीत. चहा. गॅलरीत.'

पुढच्या तपासणीला सुमेधाने कागद टेबलावर पसरला. भोकाभोकांच्या कडा असलेला तो लांब कागद. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "बसणं, तेरा तास पन्नास मिनिटं. चालणं, एकोणीस मिनिटं. जिना, शून्य." मग ती थांबली. तिने केसपेपर उघडला, एक पान मागे गेली, आणखी एक पान मागे गेली. "काका, इथे तर प्रत्येक वेळी लिहिलंय…"

"त्या दिवशी यांना बरं नव्हतं," सरोजबाई एकदम म्हणाल्या. "कणकण होती. एरवी जातात. रोज दोन फेऱ्या. मी बघते ना."

मुळ्यांनी बायकोकडे पाहिलं. चौथीच्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल तीस वर्षं बाकावर उभं करणारी बाई. समोर सरळ बघत होती आणि हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. बँकेत हात वर करून उभं राहिल्यावर मुळ्यांना जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी आता वाटली.

"नाही," ते म्हणाले. "कणकण नव्हती. बरा होतो मी. हा माझा रोजचाच दिवस आहे. फेऱ्या-बिऱ्या काही नाही."

"मग काका, दुखतं का? सांगितलं का नाही?"

"दुखत नाही. काडीचं दुखत नाही. भीती वाटते. पडेन असं वाटतं. पुन्हा ते टेबल, ते दिवे, ते पडून राहणं. त्यापेक्षा खुर्ची बरी वाटते. आणि तुम्ही इतकी मेहनत घेतलीत, तुम्हाला हे सांगवेना."

सुमेधाने खणातून पहिल्या दिवसाचा कागद काढला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. त्यावर नुसते डोंगर आणि दऱ्या होत्या.

"चालणं, एक तास बेचाळीस मिनिटं," ती वाचत गेली. "उभं राहणं, चार तास. पायऱ्या, चढून उतरून, एकशे साठ."

"एकशे साठ?" सरोजबाई म्हणाल्या.

"आणि एकदाही मर्यादेबाहेर वाकलेले नाहीत. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, हा खुबा मी बसवलाय यावर माझा विश्वास बसत नाही."

मुळ्ये पुढे झाले. "मग हाच घ्या ना तुमच्या प्रबंधात."

"तो नाही घेता येणार, काका." तिला वाईट वाटत होतं, पण ती ठाम होती. "मला रोजचाच हवा. हा तुम्ही घरी न्या."

परतीच्या गाडीत मुळ्ये पुढच्या सीटवर उशीवर, सरोजबाई मागे. मुळ्ये म्हणाले, "तुला माहीत होतं? मी घाबरतो ते?"

"हो."

"मग बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?" सरोजबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजबाई तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलून शाळेला निघाल्या, तेव्हा मुळ्ये पायात चप्पल घालून दाराशी उभे होते.

"कोपऱ्यापर्यंत येतो," ते म्हणाले. "गठ्ठा आण इकडे."

त्यांनी दोन वह्या उचलल्या, बाकीच्या अठ्ठावन्न सरोजबाईंनी. जिना उतरायला बारा मिनिटं लागली. विमलाबाईंनी वरून विचारलं, "आज काय मोजायचंय?" मुळ्यांनी उत्तर दिलं नाही, कारण ते पायऱ्या बघत होते. कोपऱ्यावर त्यांनी दोन वह्या परत दिल्या, बायको दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले आणि मागे फिरले. घाम आला होता. डावा, चांगला पाय दुखायला लागला होता. छत्तीस पायऱ्या चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला, दर आठ पायऱ्यांनी थांबले, आणि चहा, खुर्ची, पंखा या तीन गोष्टींवर मन एकाग्र करत दुसऱ्या मजल्यावर पोचले.

दाराला लॅच होतं. ते लागलेलं होतं. मुळ्यांनी उजवा खिसा चाचपला, मग डावा, मग पुन्हा उजवा. इतके महिने एकट्याने घराबाहेर न पडलेल्या माणसाच्या खिशात किल्ली कशी असणार? एक किल्ली सरोजबाईंच्या पर्समध्ये आणि दुसरी, भाऊंनी परत केलेली, आत खुंटीला.

त्यांनी भाऊंच्या बंद दाराकडे पाहिलं. साडेबारा वाजायला साडेपाच तास होते. मुळ्यांनी एक लांब सुस्कारा सोडला, कठडा धरला आणि पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला. शाळा स्टेशनच्या पलीकडे होती.